वादग्रस्त कंपनी-संपादन आणि शेअर बाजाराचा प्रतिसाद : ग्रेट ऑफशोअर प्रकरणाचा (२००९) एक अभ्यास

प्रस्तावना

एखाद्या कंपनीवर ताबा मिळविण्यासाठी दोन उद्योगसमूह परस्परांविरुद्ध उभे ठाकले की वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर 'बाजाराने स्वागत केले' किंवा 'बाजाराने नापसंती दर्शविली' अशा आशयाची शीर्षके हमखास दिसतात. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गातही समभागाच्या किमतीतील वाढ हा त्या व्यवहाराच्या योग्यतेचा पुरावा म्हणून सांगितला जातो. परंतु किंमत वाढली याचा नेमका अर्थ काय? वाढलेली किंमत कंपनीच्या मूल्याविषयी बोलते, की तिच्यासाठी कोण किती मोजणार आहे याविषयी?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार २००९ मधील ग्रेट ऑफशोअर प्रकरणाच्या आधारे केला आहे. हे प्रकरण निवडण्यामागे दोन कारणे आहेत. एक तर भारतात एकाच कंपनीसाठी दोन परस्परविरोधी खुले प्रस्ताव येऊन किंमत पायरीपायरीने चढत गेल्याची उदाहरणे मोजकीच आहेत. दुसरे असे की, या स्पर्धेत जिंकलेली भारती शिपयार्ड ही कंपनी रत्नागिरीला अपरिचित नाही. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे आणि जिल्ह्यातच दाभोळ खाडीवर उसगाव येथे तिच्या जहाजबांधणीच्या गोद्या होत्या. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर ठरणाऱ्या किमतीचा कोकणातील रोजगाराशी काय संबंध पोहोचतो, हे तपासण्याची संधी या प्रकरणात मिळते.

कायदेशीर चौकट

भारतात विरोधी संपादनाची चर्चा सर्वप्रथम गाजली ती १९८३ मध्ये. अनिवासी भारतीय उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स व डी.सी.एम. या कंपन्यांचे समभाग बाजारातून खरेदी केले. मात्र या कंपन्यांच्या संचालक मंडळांनी ते समभाग त्यांच्या नावे नोंदविण्यास नकार दिला. त्या काळी सामान्य भागधारकाला अशा झगड्यात स्थान नव्हते. पुढे सेबीने १९९४ मध्ये व त्यानंतर भगवती समितीच्या शिफारशींनुसार १९९७ मध्ये समभाग-संपादनाचे विनियम केले. २००९ चे प्रकरण याच १९९७ च्या विनियमांखाली घडले. त्यातील चार तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत.

१) एखाद्याची धारणा १५ टक्क्यांची मर्यादा ओलांडत असेल, तर त्याने अन्य भागधारकांकडून किमान २० टक्के समभाग विकत घेण्याचा खुला प्रस्ताव, म्हणजेच ओपन ऑफर, देणे बंधनकारक होते.

२) प्रस्तावाची किमान किंमत मागील काळातील बाजारभावाची सरासरी आणि संपादकाने स्वतः मोजलेली सर्वोच्च किंमत यांवरून ठरत असे. प्रस्ताव सुरू असताना संपादकाने बाजारात अधिक किमतीला खरेदी केली, तर प्रस्तावाची किंमतही तेवढी वाढवावी लागे.

३) पहिल्या घोषणेपासून २१ दिवसांच्या आत दुसऱ्या कोणासही स्पर्धात्मक प्रस्ताव देता येत असे. मात्र त्याची एकूण संभाव्य धारणा पहिल्या संपादकाच्या संभाव्य धारणेहून कमी असता कामा नये.

४) प्रस्तावाची मुदत संपण्यापूर्वी ठरावीक दिवसापर्यंत किंमत वाढविता येत असे, कमी करता येत नसे.

या चौथ्या तरतुदीमुळे स्पर्धात्मक प्रस्तावाला लिलावाचे रूप येते. या लिलावात बोली फक्त वर जाऊ शकते. (२०११ च्या नव्या विनियमांनी १५ टक्क्यांची मर्यादा २५ टक्के व २० टक्क्यांचा प्रस्ताव २६ टक्के केला, मूळ रचना तीच राहिली.)

प्रतिसाद कसा मोजतात?

एखाद्या घटनेचा समभागाच्या किमतीवर झालेला परिणाम मोजण्यासाठी वित्तशास्त्रात घटना-अभ्यास पद्धती वापरली जाते. फामा, फिशर, जेन्सन व रोल यांच्या १९६९ मधील शोधनिबंधापासून ही पद्धती रूढ झाली. तिचे सूत्र साधे आहे. घटना घडली नसती तर समभागाने किती परतावा दिला असता याचा अंदाज बांधावयाचा, आणि प्रत्यक्ष परताव्यातून तो वजा करावयाचा. जी बाकी उरते तिला अपसामान्य परतावा म्हणतात. घटनेच्या आगेमागे काही दिवसांची बेरीज केली की संचित अपसामान्य परतावा मिळतो.

हा अंदाज बांधणे किती आवश्यक आहे, हे २००९ च्या मे महिन्यावरून कळते. लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतर १८ मे २००९ रोजी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक एकाच दिवसात २,१०० हून अधिक अंशांनी, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी वाढला. समजा, त्या दिवशी एखादा समभाग २२ टक्क्यांनी वाढला आणि बाजाराच्या चढउताराशी त्याचे प्रमाण, म्हणजे बीटा, १.२ आहे. बाजारामुळेच अपेक्षित असलेली वाढ १७ गुणिले १.२, म्हणजे २०.४ टक्के होते. अपसामान्य परतावा उरतो तो केवळ १.६ टक्के. 'समभाग २२ टक्क्यांनी उसळला' हे विधान खरे असूनही त्यातून घटनेविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

दुसरी अडचण घटनेच्या दिनांकाची. औपचारिक घोषणेपूर्वीच बातमी बाजारात झिरपलेली असते. भारतात त्या वेळी १५ टक्क्यांच्या उंबरठ्यापर्यंतची खरेदी घोषणेआधीच होत असल्याने किंमतवाढीचा काही भाग घोषणेच्या दिवसापूर्वीच घडून जात असे. म्हणून केवळ एका दिवसाचा परतावा पाहून चालत नाही. किमान दोन-तीन आठवड्यांचा कालखंड विचारात घ्यावा लागतो.

जेन्सन व रुबॅक यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. यशस्वी खुल्या प्रस्तावांत लक्ष्य कंपनीच्या भागधारकांना सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास, तर संपादक कंपनीच्या भागधारकांना सुमारे ४ टक्के अपसामान्य परतावा मिळाल्याचे त्यांनी नोंदविले. लाभाचा मोठा वाटा विकणाऱ्याकडे जातो, हे सूत्र पुढील विवेचनात लक्षात ठेवणे इष्ट ठरेल.

प्रकरणाचा घटनाक्रम

ग्रेट ऑफशोअर ही कंपनी मूळच्या ग्रेट ईस्टर्न शिपिंग कंपनीपासून तिचा सागरी तेलक्षेत्र-सेवा व्यवसाय वेगळा काढून निर्माण झाली. समुद्रातील तेलविहिरींना साहित्य पुरविणारी जहाजे व खोदकामाचे रिग हा तिचा व्यवसाय. प्रवर्तक विजय शेठ. भारती शिपयार्ड ही आय.आय.टी. खरगपूर येथे नौका-अभियांत्रिकी शिकलेल्या पी. सी. कपूर व विजय कुमार यांनी उभी केलेली, डिसेंबर २००४ मध्ये भागविक्रीद्वारे भांडवल बाजारात आलेली कंपनी. दोहोंचा व्यावसायिक संबंध आधीपासून होता. ग्रेट ऑफशोअरने एका जॅक-अप रिगची मागणी भारतीकडेच नोंदविली होती.

संघर्षाचे मूळ तारणात होते. प्रवर्तकाने आपले १४.८९ टक्के समभाग कर्जापोटी भारतीकडे तारण ठेवले होते. २००८ च्या जागतिक वित्तीय संकटानंतर समभागांच्या किमती कोसळल्या, आणि मे २००९ मध्ये भारतीने तारणाचे समभाग आपल्या नावे करून घेतले. सत्यम घोटाळ्यानंतर जानेवारी २००९ मध्येच सेबीने प्रवर्तकांच्या तारण समभागांची माहिती प्रकट करणे सक्तीचे केले होते. तारण ही प्रवर्तकाची खाजगी बाब नसून कंपनीचे नियंत्रण त्यावर अवलंबून असते, ही जाणीव त्यामागे होती. या प्रकरणाने ती जाणीव किती योग्य होती हे काही महिन्यांतच दाखवून दिले.

बाजारातून आणखी समभाग घेताच १५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली आणि पुढील क्रम सुरू झाला.

– ३ जून २००९ : भारतीचा २० टक्के समभागांसाठी प्रति समभाग ३४४ रुपयांचा खुला प्रस्ताव.
– २३ जून २००९ : गुजरातेत सुरत व दहेज येथे गोद्या असलेल्या एबीजी शिपयार्डचा ३२.१२ टक्के समभागांसाठी ३७५ रुपयांचा स्पर्धात्मक प्रस्ताव.
– त्यानंतरच्या महिन्यांत : भारती ४०५, एबीजी ४५०, पुढे एबीजी ५२०, भारती ५६०.
– अखेरची बोली : भारती ५९० रुपये.
– डिसेंबर २००९ : एबीजीने आपल्याजवळील समभाग बाजारात विकून माघार घेतली, नियंत्रण भारतीकडे आले.

एबीजीचा प्रस्ताव २० ऐवजी ३२.१२ टक्क्यांचा का होता, याचे उत्तर वर दिलेल्या तिसऱ्या तरतुदीत आहे. एबीजीजवळ आरंभी फारच थोडे समभाग होते. भारतीच्या संभाव्य धारणेची बरोबरी करण्यासाठी तिला मोठा प्रस्ताव देणे भाग होते.

किंमत काय सांगत होती?

३४४ पासून ५९० पर्यंतची वाढ ७१.५ टक्के इतकी होते. याच काळात निर्देशांक १५ हजारांच्या आसपासून वर्षअखेरीस सुमारे १७,५०० पर्यंत गेला. म्हणजे वाढ १५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान. बाजारातील सर्वसाधारण तेजीने बोलीतील वाढीचा लहानसाच भाग स्पष्ट होतो. उरलेला भाग स्पर्धेचा होता. सहा महिन्यांत कंपनीची जहाजे वाढली नव्हती, की तेलक्षेत्रातील भाडेदर त्या प्रमाणात चढले नव्हते.

स्पर्धात्मक प्रस्तावात समभागाची बाजारातील किंमत अनेकदा चालू प्रस्तावाच्या वर राहते. प्रस्ताव ३७५ चा असताना कोणी ४०० रुपयांना समभाग का घ्यावा? कारण घेणाऱ्याचा कौल प्रस्तुत प्रस्तावावर नसून पुढील प्रस्तावावर असतो. याउलट किंमत प्रस्तावाच्या खाली राहिली, तर प्रस्ताव रखडेल किंवा आपले सर्व समभाग स्वीकारले जाणार नाहीत, अशी बाजाराची धारणा आहे असे समजावे.

या दुसऱ्या शक्यतेकडे सामान्य भागधारकाचे दुर्लक्ष होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संपादकाजवळ २० टक्के समभाग आहेत, इतरांजवळ ८० टक्के. प्रस्ताव २० टक्क्यांचा, किंमत ५९० रुपये. सर्वांनीच समभाग देऊ केले तर चारातील एकच स्वीकारला जाईल. शंभर समभाग असलेल्याला २५ समभागांचे १४,७५० रुपये मिळतील. उरलेले ७५ त्याच्याकडेच राहतील. स्पर्धा संपल्यावर बाजारभाव ४०० झाला, तर त्यांचे मूल्य ३०,००० रुपये. एकूण ४४,७५०, म्हणजे प्रति समभाग ४४७ रुपये ५० पैसे. वृत्तपत्रातील ५९० चा आकडा आणि हाती पडणारे मूल्य यांत हे अंतर असते.

तुलनेसाठी २०१९ मधील लार्सन अँड टुब्रो–माइंडट्री प्रकरण पाहता येईल. तेथेही माइंडट्रीच्या संस्थापकांचा तीव्र विरोध होता. लार्सनने व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडील सुमारे २० टक्के समभाग प्रति समभाग ९८० रुपयांना घेण्याचा करार केला आणि त्याच किमतीला ३१ टक्क्यांचा खुला प्रस्ताव दिला. विरोध असूनही प्रतिस्पर्धी संपादक पुढे आला नाही. प्रस्तावाची किंमत अखेरपर्यंत ९८० रुपयेच राहिली. यावरून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. केवळ वाद किंमत वाढवीत नाही; किंमत वाढविते ती दुसऱ्या बोलीदाराची उपस्थिती.

विजेत्याचा शाप

१९७१ मध्ये केपन, क्लॅप व कॅम्पबेल या तेलउद्योगातील अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांवर एक निबंध लिहिला. लिलावात बोली लावणाऱ्या प्रत्येकाचा मूल्याविषयीचा अंदाज वेगळा असतो. जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वाधिक आशावादी असतो तो. सरासरी अंदाज बरोबर असेल, तर विजेत्याचा अंदाज बहुधा चढा असतो. याला विजेत्याचा शाप म्हणतात. सागरी तेलाच्या लिलावातून निघालेली ही संकल्पना सागरी तेलसेवा कंपनीच्या लिलावालाही तितकीच लागू पडते. रिचर्ड रोल यांनी १९८६ मध्ये हाच विचार कंपनी-संपादनाला लावून व्यवस्थापनाच्या अतिआत्मविश्वासाचे गृहीतक मांडले.

या प्रकरणात बोली चढण्यास आणखी एक कारण होते. बोलीदाराजवळ आधीच काही समभाग असतील, तर हरण्यातही त्याचा लाभ असतो. समजा त्याच्याजवळ ८ टक्के समभाग आहेत. प्रतिस्पर्ध्याची बोली जितकी वर जाईल तितकी त्याच्या विक्रीची किंमतही वाढते. म्हणजे हरणाऱ्याला नफ्याचे आणि जिंकणाऱ्याला वाढीव खर्चाचे पारडे मिळते. एबीजीने समभाग विकून माघार घेतली ती याच रचनेत. ग्रेट ऑफशोअरच्या ज्या भागधारकांनी चढ्या भावात विक्री केली, तेही लाभले. हा लाभ आला कोठून? नवीन संपत्ती निर्माण होऊन नव्हे, तर मुख्यतः विजेत्याच्या तिजोरीतून. आणि ती तिजोरी बऱ्याच अंशी कर्जाऊ पैशांची होती.

नंतरचा इतिहास

पुढील दशकात या तिन्ही कंपन्यांची जी अवस्था झाली ती सर्वविदित आहे. भारती शिपयार्डला कर्जपुनर्रचनेचा आश्रय घ्यावा लागला. पुढे भारती डिफेन्स अँड इन्फ्रास्ट्रक्चर या नावाने ती २०१७ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या समापनाचा आदेश दिला. एबीजी शिपयार्डही २०१७ मध्ये त्याच प्रक्रियेत गेली, २०१९ मध्ये तिच्याही समापनाचा आदेश झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तिच्याविरुद्ध २२,८४२ कोटी रुपयांच्या बँक-फसवणुकीच्या आरोपावरून गुन्हा नोंदविल्याचे जाहीर झाले. ग्रेट ऑफशोअरचे नाव बदलून जीओएल ऑफशोअर झाले. २०१६ मध्ये तिचे 'मालवीय सेव्हन' हे जहाज स्कॉटलंडमधील अॅबर्डीन बंदरात अडकून पडले, आणि त्यावरील भारतीय खलाशी थकलेल्या वेतनाची वाट पाहत दीर्घकाळ तेथेच राहिले.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. या ऱ्हासाचे खापर एकट्या संपादनावर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. जहाजबांधणीवरील केंद्र सरकारचे अनुदान ऑगस्ट २००७ मध्ये नव्या मागण्यांसाठी बंद झाले होते. २००८ नंतर जगभरच्या जहाजमालकांनी मागण्या रद्द केल्या. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळल्याने सागरी तेलसेवा व्यवसाय मंदीत गेला. संपादन झाले नसते तरीही या कंपन्या अडचणीत आल्या असत्या, असा युक्तिवाद करता येईल. तथापि, मंदीच्या उंबरठ्यावर असलेल्या जहाजबांधणी कंपनीने त्याच चक्रावर अवलंबून असलेली दुसरी कंपनी लिलावाच्या किमतीला घेतली, तेव्हा तिची जोखीम विभागली न जाता एकवटली, एवढे निश्चित म्हणता येते.

किमतीत न मावणारे

घटना-अभ्यास पद्धती भागधारकाचा लाभ मोजते. तेवढेच तिचे क्षेत्र आहे. गोदीतील वेल्डर, फिटर, रंगारी, कंत्राटदाराकडील मजूर, गोदीला साहित्य पुरविणारा स्थानिक व्यापारी आणि त्यांच्यावर विसंबणारी खाणावळ यांचा समावेश कोणत्याही अपसामान्य परताव्यात होत नाही. भागधारक असमाधानी असेल तर एका दिवसात समभाग विकून बाहेर पडू शकतो. मिऱ्या किंवा उसगाव येथील कामगाराला अशी सोय नसते. त्याचे कौशल्य जहाजाच्या सांगाड्याशी आणि त्या किनाऱ्याशी बांधलेले असते. बोली ४५० वरून ५९० वर गेली तेव्हा बाजाराने ती लाभ म्हणून नोंदविली. तीच वाढ संपादक कंपनीच्या ताळेबंदात देणे म्हणून बसली, आणि त्या देण्याचा भार अखेर ज्यांच्यावर येतो ते या लिलावात कोठेच उपस्थित नव्हते.

याचा अर्थ संपादनास बंदी असावी असा नाही. १९८३ च्या व्यवस्थेत प्रवर्तकांना जाब विचारणारे कोणी नव्हते, आणि १९९७ च्या विनियमांनी लहान भागधारकाला न्याय्य किंमत मिळवून दिली, हे मान्यच करावयास हवे. प्रश्न इतकाच की, ज्या व्यवस्थेत बोली केवळ वर जाऊ शकते, तेथे कर्ज देणाऱ्या बँकांची विवेकबुद्धी हा एकमेव लगाम उरतो. आणि तो सैल असेल तर बाजारातील तेजी हा त्यावरचा उपाय असू शकत नाही.

निष्कर्ष

१) लक्ष्य कंपनीच्या समभागातील वाढ ही प्रामुख्याने पुढील बोलीच्या अपेक्षेची निदर्शक असते, ती संपादनाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे.

२) प्रतिसाद मोजताना बाजाराची सर्वसाधारण हालचाल वगळणे, घोषणेपूर्वीचा काळ विचारात घेणे आणि लक्ष्य व संपादक या दोन्ही कंपन्यांचा परतावा एकत्र पाहणे अत्यावश्यक आहे.

३) प्रवर्तकांचे तारण समभाग हे नियंत्रण-बदलाचे पूर्वसूचक ठरू शकतात, भागधारकांनी त्या माहितीकडे लक्ष द्यावे.

४) विरोधापेक्षा स्पर्धा किंमत वाढविते, आणि आधीची धारणा असलेल्या स्पर्धकाला हरण्यातूनही लाभ होतो.

५) संपादनाचे मूल्यमापन अल्पकालीन परताव्याबरोबरच संपादकाची कर्जक्षमता व रोजगारावरील परिणाम यांच्या आधारे दीर्घ काळानंतर पुन्हा करणे आवश्यक आहे.

वर्गात हे प्रकरण शिकविताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतील : वाढलेली किंमत कोणाच्या खिशातून आली? ती कोणाला मिळाली? आणि दहा वर्षांनंतर तिची परतफेड कोण करीत होते? शेअर बाजाराचा फलक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे काही अंशी देतो. तिसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी रत्नागिरीच्या विद्यार्थ्यांना दलाल स्ट्रीटपर्यंत जाण्याची गरज नाही. मिऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत जाणे पुरेसे आहे.